नक्षी कुणाची, आणि मजुरी कुणाला?

डिसेंबर २०१५मध्ये शनेल या फ्रेंच फॅशनकंपनीने रोममध्ये आपला नवा संग्रह दाखवला. त्यातले काही स्वेटर फेअर आइलवरच्या माटी व्हेंट्रिलॉन या विणकर बाईने पाहिले आणि ओळखले. फेअर आइल म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी आणि शेटलंड या बेटांच्या मधोमध समुद्रात असलेलं, पण शेटलंडमध्येच मोडणारं जेमतेम पाच किलोमीटर लांबीचं बेट. स्वेटरवरची नक्षीची मांडणी तिची होती. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात शनेलची माणसं बेटावर आली होती आणि अभ्यासासाठी म्हणून तिच्याकडून काही कपडे विकत घेऊन गेली होती. तिने हे जाहीरपणे मांडलं, जगभर बातम्या झाल्या, कंपनीने माफी मागितली आणि श्रेय तिच्या नावावर केलं. तेव्हापासून शेटलंडच्या लोकरीचा, विणकामाचा, वारशाचा विषय निघाला की चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते: ही नक्षी कुणाची?

एक बाजू म्हणते, बेटावरच्या लोकांची पिढीजात ठेव बाहेरच्यांनी लुटली. दुसरी म्हणते, टाके काय कुणाच्या सातबाऱ्यावर असतात? जगात कुणीही विणावं, कुणीही विकावं. २०२५च्या जूनमध्ये प्राडाने मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा आपल्याकडेही हाच वाद, जवळजवळ याच शब्दांत झाला. कोल्हापुरी चपलेला २०१९पासून भौगोलिक मानांकन आहे. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, ती फेटाळली गेली, समाजमाध्यमांवर अस्मिता पेटून उठली. पण एका जोडामागे तो शिवणाऱ्याच्या हातात किती रुपये पडतात, हे त्या गदारोळात किती जणांनी विचारलं?

माझं म्हणणं असं आहे की दोन्ही बाजू चुकीच्या जागी खणत आहेत. नक्षीची मालकी धड ठरवता येत नाही, आणि ठरवली तरी तेवढ्याने विणणारीचं घर चालत नाही. शेटलंडचा तीनशे वर्षांचा इतिहास वाचला तर त्यात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो: तिच्या तासाचे पैसे कोण देतं, किती देतं, आणि रोख देतं का? ज्या काळात या प्रश्नाचं उत्तर तिच्या बाजूने मिळालं त्या काळात कला टिकली. जेव्हा मिळालं नाही तेव्हा बायकांनी सुया खाली ठेवल्या, आणि ते अगदी योग्य केलं.

आधी मालकीचंच पाहू. शेटलंड ही शंभरेक बेटं, त्यांतल्या पंधरा-सोळांवर वस्ती, एकूण लोक तेवीस हजारांच्या आसपास. लर्विक या मुख्य गावापासून एडिंबरापेक्षा नॉर्वेचं बर्गन जवळ आहे. ही बेटं मुळात नॉर्स लोकांची. १४६९मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने मुलीच्या हुंड्यापोटी ती स्कॉटलंडकडे गहाण टाकली आणि ती कधी सुटलीच नाहीत. झाड उगवू न देणारा वारा, पीट नावाच्या काळ्या दलदली मातीचे ढीग, आणि त्यावर चरणाऱ्या लहानखुऱ्या मेंढ्या. या मेंढ्यांची लोकर उन्हाळ्याच्या तोंडाला आपोआप सुटायला लागते. जुन्या पद्धतीत ती कातरत नसत, हाताने अलगद उपटून घेत. मानेजवळची सगळ्यांत मऊ लोकर बाजूला काढून तिचं केसासारखं बारीक सूत कातायचं आणि त्याची जाळीदार शाल विणायची, ही अन्स्ट या अगदी उत्तरेकडच्या बेटाची ख्याती. चांगली शाल लग्नाच्या अंगठीतून आरपार ओढता येते. मेंढ्यांचे रंगही कितीतरी: तांबूस तपकिरी, गडद राखी, करडा, काळा, पांढरा. त्या रंगांना तिथल्या बोलीत आपापली नावं आहेत, आणि फेअर आइलच्या जुन्या नक्षीत हे न रंगवलेले धागे भरपूर आहेत.

पण त्याच जुन्या टोप्यांमध्ये निळा आणि लाल रंगही आहे, आणि तो नीळ आणि मंजिष्ठा यांचा आहे. नीळ काही शेटलंडच्या खडकावर उगवत नाही. ती जहाजाने आली. १९५१मध्ये गनिस्टर या ठिकाणी पीट खणताना एका माणसाचे अवशेष सापडले. सतराव्या शतकाच्या अखेरीला किंवा त्यानंतर लगेच तो तिथे पुरला गेला असावा. त्याच्या अंगावर विणलेल्या टोप्या, मोजे, हातमोजे होते आणि जवळ रंगीत नक्षीची एक विणलेली थैली होती. थैलीत नाणी होती ती स्वीडनची आणि नेदरलँड्सची. एवढ्या एका वस्तूत सगळं आलं. हेरिंग मासळीच्या मागे दर उन्हाळ्यात डच गलबतांचे ताफे लर्विकसमोरच्या खाडीत नांगर टाकत, आणि बेटावरच्या बायका त्यांना मोजे विकत. ही कला बंद दाराआड जन्मली नाही, ती बंदरावर वाढली. दुसऱ्या महायुद्धात शेटलंड आणि जर्मनव्याप्त नॉर्वे यांच्यामध्ये रात्रीच्या अंधारात बोटींची ये-जा चाले. त्या काळात आणि त्यानंतर नॉर्वेची आठ पाकळ्यांची चांदणी शेटलंडच्या स्वेटरांवर मोठ्या प्रमाणात आली. आज ती चांदणी 'अस्सल शेटलंड' म्हणून विकली जाते, आणि त्यात काही खोटं नाही.

मालकीचा दावा पक्का करायला माणसं किती लांब जातात, याचं उदाहरणही याच बेटावर आहे. १५८८मध्ये स्पॅनिश आरमारातलं 'एल ग्रान ग्रिफोन' हे जहाज फेअर आइलच्या कड्यांवर आपटलं आणि सुमारे तीनशे खलाशी कित्येक आठवडे बेटावर अडकले. एकोणिसाव्या शतकात, म्हणजे अडीचशेहून अधिक वर्षांनी, एक गोष्ट पसरली की रंगीत नक्षी त्या स्पॅनिश खलाशांनी शिकवली. इतिहासकारांना तिला आधार सापडत नाही. त्या खलाशांच्या पोटाला अन्न पुरेना, ते विणकामाचे वर्ग कुठले घेणार? पण गोष्ट विकायला छान होती, म्हणून दुकानदारांनी ती विकली. ज्या बायका खरोखर विणत होत्या त्यांच्या डोक्यातून आणि बोटांतून ही नक्षी आली असेल, ही साधी शक्यता मागे ढकलून परदेशी पुरुषांना श्रेय देणारी ही कथा शंभर वर्षं चालली.

आणि रक्ताच्या नात्याने मालकी ठरवायची म्हटलं तर माटी व्हेंट्रिलॉनचं काय करायचं? ती स्वतः बाहेरून आलेली आहे. तिची मुळं व्हेनेझुएला आणि फ्रान्समधली, फेअर आइलवर ती २००७मध्ये राहायला आली. हे बेट १९५४पासून स्कॉटलंडच्या नॅशनल ट्रस्टकडे आहे, वस्ती पन्नासच्या आसपास, आणि शाळा-बोट-शेती चालू राहावी म्हणून तिथे नव्या कुटुंबांना बोलावून वसवावं लागतं. बेटावर जन्मलेल्यांचीच नक्षी असा नियम केला तर ज्या बाईच्या कामावरून हा सगळा वाद पेटला तिलाच आधी बाहेर काढावं लागेल.

आता नक्षीच्या रक्षकांचा सगळ्यांत भक्कम मुद्दा घेतो, कारण तो खरा आहे. नावाची चोरी नक्षीच्या उसनवारीपेक्षा वेगळी आणि जास्त घातक आहे. जगभरच्या दुकानांत 'शेटलंड' आणि 'फेअर आइल' अशी चिठ्ठी लावलेले लाखो स्वेटर आहेत, ज्यांचा त्या बेटांशी काडीचा संबंध नाही. कारखान्यात मिनिटांत निघालेला कपडा त्याच नावाने शेजारी टांगला की हाताने विणलेल्या कपड्याची किंमत गिऱ्हाइकाला लूट वाटू लागते. म्हणून संरक्षण हवंच. स्कॉटलंडच्या पश्चिमेला असलेल्या आउटर हेब्रिडीज बेटांवरच्या हॅरिस ट्वीड या लोकरी कापडाने ते मिळवलं. १९०९मध्ये संघटना, मग गोल आणि क्रूसाची मुद्रा, आणि अखेर १९९३चा संसदेचा खास कायदा: लोकर त्याच बेटांवर रंगवलेली आणि कातलेली हवी, कापड विणकराने स्वतःच्या घरी हातमागावर विणलेलं हवं. शेटलंडच्या लोकरीलाही २०११मध्ये युरोपीय संघाचं उगमस्थानाचं संरक्षण मिळालं. आइसलँडने २०२०मध्ये आपल्या लोपापेय्सा स्वेटरच्या नावाला संरक्षण दिलं, आणि तो स्वेटर तर विसाव्या शतकाच्या मध्यावर रूढ झालेला. आजीच्या काळातली वस्तूसुद्धा वारसा असू शकते, हे आइसलँडने मोकळेपणाने मान्य केलं याचं मला कौतुक वाटतं.

पण हॅरिस ट्वीडची पुढची कथा संरक्षणवाल्यांनी सांगितली पाहिजे. २००६मध्ये यॉर्कशायरच्या एका उद्योजकाने त्या बेटांवरच्या स्टॉर्नोवे गावातली सर्वांत मोठी ट्वीड गिरणी विकत घेतली आणि हजारो नमुन्यांवरून उत्पादन चार नमुन्यांवर आणलं. कायदा जागच्या जागी होता. मुद्रा झळकत होती. नावाला कुणी हात लावला नव्हता. आणि तरीही घराघरांतले हातमाग बंद पडले, कारण विणकराला सूत देणारी आणि कापड घेणारी गिरणी मुख्यतः ती एकच होती. मार्ग निघाला तो दुसऱ्या गिऱ्हाइकामुळे: तिथल्याच शॉबोस्ट गावची बंद गिरणी २००७मध्ये दुसऱ्या लोकांनी पुन्हा सुरू केली. कायद्याने 'कुठे' आणि 'कसं' विणायचं ते लिहून ठेवलं होतं. विणणाऱ्याला काय मिळालं पाहिजे, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती.

शेटलंडला हा धडा फार आधी, फार कडू रीतीने मिळाला होता. एकोणिसाव्या शतकात इथे बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होत्या. पुरुष खोल समुद्रात मासेमारीला, देवमाशांच्या शिकारीला, नौदलात. आणि त्यांतले पुष्कळ परत येत नसत. जुलै १८८१च्या एका वादळात ग्लूप गावाजवळच्या मासेमारांच्या दहा नावा बुडाल्या आणि अठ्ठावन्न माणसं गेली. मागे राहिलेल्या बायकांनी जगायचं कशावर? विणकामावर. १८४०नंतर लंडनमध्ये शेटलंडच्या जाळीदार शालींची फॅशन आली. त्यात आर्थर अँडरसनचा मोठा वाटा होता. लर्विकच्या ग्रेमिस्टा इथे जन्मलेला हा माणूस पुढे पी अँड ओ या जहाजकंपनीचा सहसंस्थापक झाला, ज्या कंपनीच्या बोटी मुंबईच्या कित्येक पिढ्यांच्या ओळखीच्या होत्या. त्याने बेटावरचं तलम विणकाम राणी व्हिक्टोरियाला भेट दिलं आणि नाव झालं. ज्या घरात तो जन्मला तिथे आज शेटलंडचं वस्त्र-संग्रहालय आहे. शाल राजवाड्यात पोचली. पैसे मात्र विणणारीपर्यंत पोचले नाहीत.

पोचले नाहीत हे मी शब्दशः म्हणतोय. व्यापारी शाल घ्यायचा आणि मोबदल्यात दुकानातला माल द्यायचा: चहा, कापड, फिती. रोख नाही. लगेच माल नको असेल तर चिठ्ठी, जी त्याच दुकानात चालायची. रोख मागितली तर भाव उतरायचा. या पद्धतीला ट्रक म्हणत. तिच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे १८७२च्या जानेवारीत लर्विकमध्ये बायकांनी साक्षी दिल्या, आणि त्या वाचवत नाहीत. चहा आणि कापड मिळतं, पण भाडं चहाने भरता येत नाही आणि कापड शिजवता येत नाही. म्हणून मिळालेला चहा खेड्यात नेऊन त्याच्या बदल्यात पीठ-बटाटे आणायचे. अंगावर नवं कापड आणि पोटात भूक, अशी स्थिती. विणायची ती वस्तू राणीच्या खांद्यावर शोभणारी, आणि हातात एक नाणंसुद्धा नाही. 'नक्षी आमची आहे' हे त्या बायकांपैकी प्रत्येकीला माहीत होतं. त्या माहितीचा तिला काय उपयोग झाला?

इथे कुणी म्हणेल, तुम्ही विणकामाला निव्वळ मजुरी करून टाकता. ते बायकांचं प्रेम होतं, अभिमान होता, चार जणींनी शेगडीभोवती बसून गप्पा मारण्याचं निमित्त होतं. त्याला तासाचा दर लावला की त्यातला जीव जातो. हा आक्षेप मी हलका मानत नाही. विणण्यात आनंद असतो हे खरं, आणि त्या बायकांना आपल्या हातातल्या कसबाचा प्रचंड अभिमान होता हेही खरं. पण शेटलंडच्या विणकर बाईच्या कमरेचा पट्टा पाहा. कातड्याचा पट्टा, त्यावर घोड्याचे केस भरलेली आणि भोकं पाडलेली गादी. सुईचं एक टोक त्या भोकात रोवलं की एका हातावरचा भार जातो, वेग वाढतो, आणि चालता चालता विणता येतं. पाठीवर पीटने भरलेली टोपली आणि हातात चाललेलं विणकाम, अशा बायकांची छायाचित्रं पर्यटकांच्या पोस्टकार्डांवर छापली गेली. ती पाहून लोक कष्टाळूपणाचं कौतुक करतात. मला त्यात दिसतं ते असं की जिला पाठीवर ओझं असतानाही सुया थांबवणं परवडत नाही, तिच्यासाठी हे उपजीविकेचं काम आहे, आणि तिने त्यासाठी वेगाचं हत्यार वापरलंय. प्रेमाचं नाव पुढे करून कामाचे पैसे कमी द्यायची युक्ती बायकांच्या बाबतीत सगळीकडे चालत आली आहे. स्वयंपाक, बाळंतपणं, शेतातली खुरपणी, सगळीकडे. वारशाच्या नावाखाली तीच पुन्हा का चालू द्यायची?

१९२२मध्ये इंग्लंडच्या युवराजाने सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ मैदानावर फेअर आइल स्वेटर घातला आणि बघता बघता ती श्रीमंतांची फॅशन झाली. पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत त्याने धंद्याला उभारी दिली, हे मान्यच करायला हवं. पण मालाच्या बदल्यात माल ही पद्धत कायद्याने बंदी असूनही त्यानंतरसुद्धा रेंगाळतच राहिली. ती मोडली ती दुसऱ्या महायुद्धात. बेटांवर हजारो सैनिक तळ ठोकून होते. त्यांना घरी पाठवायला स्वेटर, हातमोजे हवे होते, आणि ते थेट विणणारीच्या दारात येऊन रोख पैसे मोजत होते. राजपुत्राच्या छातीवरच्या नक्षीने जे झालं नाही ते साध्या शिपायांच्या खिशातल्या नाण्यांनी झालं. दुकानदाराखेरीज दुसरं गिऱ्हाईक मिळालं, की भाव ठरवताना बाईचा आवाज चढतो. हेब्रिडीजमध्ये पुढे साठ वर्षांनी दिसलं ते हेच.

मग तेल आलं. १९७०च्या दशकात शेटलंडजवळच्या समुद्रात तेल मिळालं, सलोम व्हो इथे प्रचंड तळ उभा राहिला, १९७८मध्ये तेल वाहू लागलं. तिथल्या उपाहारगृहात, साफसफाईत, कार्यालयात बायकांना नियमित पगार मिळू लागला, आणि विणकामाच्या कमाईची त्याच्याशी तुलनाच नव्हती. हात कमी झाले. याला काही लोक 'परंपरेचा ऱ्हास' म्हणतात आणि नव्या पिढीला दोष देतात. मला यात दोष दिसत नाही. ज्या कामाने आजीला चहाची पुडी दिली आणि आईला अपुरे पैसे दिले, ते काम मुलीने सोडलं. तिने हिशोब केला. हिशोब बरोबर होता.

सर्वांत कठीण आक्षेप यापुढचा आहे, आणि तो बाजाराचा आहे. पूर्ण हाताने विणलेल्या फेअर आइल स्वेटरला साधारण शंभर तास लागतात. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५मध्ये प्रौढ कामगाराचं किमान वेतन ताशी १२.२१ पौंड झालं. म्हणजे त्या दराने लोकर, धुलाई, दुकानाचा नफा काहीही न धरता नुसती मजुरी बाराशे एकवीस पौंड. हाताने विणलेले स्वेटर बाजारात याहून बऱ्याच कमी दराने विकले जातात. मग लोक म्हणतात, न्याय्य मजुरी मागाल तर कुणी विकतच घेणार नाही, आणि उरलंसुरलं विणकामही मरेल. हा युक्तिवाद वजनदार आहे. पण तो नवा नाही. १८७२मध्ये लर्विकच्या व्यापाऱ्यांनी आयोगापुढे जवळपास हेच सांगितलं होतं: शालींवर आम्हाला नफाच नाही, नफा आहे तो बदल्यात दिलेल्या मालावर, रोख द्यायची सक्ती केलीत तर धंदा बसेल. रोख द्यावी लागली, आणि धंदा बसला नाही. शिवाय आजची स्थिती गिऱ्हाईक नाही अशी नाहीच. फेअर आइलच्या हाताने विणलेल्या स्वेटरसाठी लोक दीर्घकाळ रांगेत थांबतात. माल कमी आणि मागणी जास्त असताना किंमत दबलेली राहते, तेव्हा विणणारीने स्वतःच्या तासाला किंमत न लावण्याची पिढ्यांची सवय त्यामागे असते. ती सवय तिला लावली गेली आहे. आणि ज्यांना एवढी किंमत परवडत नाही त्यांच्यासाठी हातयंत्रावर विणून हाताने पूर्ण केलेला शेटलंडचाच कपडा आहे. तो कमअस्सल नाही. फक्त चिठ्ठीवर तसं स्पष्ट लिहिलेलं असावं: कुठे विणला, हाताने की यंत्रावर, किती तास लागले.

नक्षी मोकळी ठेवण्याची भीतीही अनाठायी आहे, हे शेटलंडनेच दाखवलं आहे. २०१०पासून तिथे दर शरद ऋतूत लोकर-सप्ताह भरतो. दर वर्षी त्याची मानद आश्रयदाती एका टोपीची नक्षी तयार करते आणि ती जगाला फुकट दिली जाते. जपानपासून अमेरिकेपर्यंत बायका-पुरुष ती टोपी विणतात, त्यासाठी शेटलंडचं सूत मागवतात, आणि त्यांतले कित्येक ती टोपी घालून लर्विकला येतात. नक्षी दिली म्हणून सूत विकलं गेलं, शिकवणाऱ्यांना वर्ग मिळाले, खानावळींना पाहुणे मिळाले. कुलूप लावून यातलं काहीच साधलं नसतं. शनेलच्या प्रकरणातही खटकतं ते नक्षी आवडून घेणं नव्हे. तिथे जे हवं होतं ते माफीच्या आधी व्हायला हवं होतं: ऑर्डर, करार, ठरलेला दर. श्रेय मिळालं याचा त्या विणकर बाईला फायदा झाला असेल, आणि तो तिला लाभो. पण श्रेयाने भाडं भरता येत नाही, चहाने भरता येत नव्हतं तसंच.

ज्या समाजाला आपला वारसा प्यारा आहे तो पैसे कुठे खर्च करतो, हेही विचारायला हवं. शेटलंडच्या प्राथमिक शाळांत विणकाम शिकवलं जाई, त्यासाठी पगारी शिक्षिका असत. २०१०मध्ये तिथल्या परिषदेने खर्च कमी करण्यासाठी ते बंद केलं. परिषदेची अडचण खोटी नव्हती, काटकसर करावीच लागणार होती. पण ज्या बेटांच्या विमानतळावर, बोटीवर, माहितीपत्रकांवर सगळीकडे फेअर आइलची नक्षी छापलेली असते, तिथे ती नक्षी मुलांना शिकवणारीचा पगार हा पहिला वाचवण्याजोगा खर्च ठरावा? पुढे 'पीरी मॅकर्स' नावाचा उपक्रम सुरू झाला आणि स्वयंसेवक बायका मुलांना शिकवू लागल्या. मुलं विणायला शिकताहेत, ही मनापासून आनंदाची गोष्ट आहे. त्या बायकांचे आभार किती मानावेत. तरीही माझा प्रश्न उरतोच: जे काम पगारी होतं ते पुन्हा बायकांच्या फुकटच्या वेळावर आलं, आणि आपण त्याला वारसा वाचला म्हणायचं?

म्हणून कायदा हवाच असेल तर तो नक्षीचा नको, नावाचा आणि मजुरीचा हवा. आणि यासाठी नव्याने काही शोधायची गरज नाही. १८३१च्या ट्रक कायद्याने पैशाऐवजी माल देण्यावर बंदी घातली होती, पण शेटलंडच्या विणकर बायका त्याच्या बाहेर राहिल्या, कारण कायद्याच्या नजरेत त्या कुणाच्या नोकर नव्हत्या, स्वतःचा माल विकणाऱ्या होत्या. आज किमान वेतनाच्या बाबतीत नेमकं हेच होतं: घरी बसून विणून दुकानाला देणारी बाई स्वतंत्र व्यावसायिक ठरली की किमान दराचा नियम तिच्या दारावरून निघून जातो. पण १८८७मध्ये ब्रिटिश संसदेने ट्रक कायद्यात जी दुरुस्ती केली तिच्यात या पेचावर तोडगा होता. घरच्या माणसांनी घरी विणलेली, पाच पौंडांपेक्षा कमी किमतीची लोकरी वस्तू व्यापारी विकत घेत असेल, तर त्या व्यवहारापुरती विणणारी कामगार आणि व्यापारी मालक मानला जाईल, अशी तरतूद तिने केली. विक्रेती आणि मजूर यांच्यामधली फट संसदेला तेव्हा बुजवता आली. अंमलबजावणी ढिली राहिली, म्हणूनच सैनिक येईपर्यंत जुनी पद्धत तगली, हे खरं आहे. ढिलाईचं उत्तर तपासणी हे आहे. 'फेअर आइल' किंवा 'शेटलंड' हे नाव लावून हाताने विणलेला कपडा विकणाऱ्या प्रत्येक दुकानावर आणि प्रत्येक फॅशनकंपनीवर हीच तरतूद आजच्या किमतींत लागू करावी: विणणारीने लावलेले तास लिहिलेले असतील, त्या तासांना किमान वेतनापेक्षा कमी दर मिळणार नाही, आणि तो रोख मिळेल. हे मान्य नसलेल्याने नक्षी खुशाल वापरावी. नाव वापरू नये.